स्वस्त घराचा हिशेब

वसई-विरारमध्ये प्रामाणिक बिल्डरची खरी स्पर्धा दुसऱ्या बिल्डरशी नाहीच. ती परवानगीविना इमारत उठवणाऱ्याशी आहे. त्याला ना नकाशाचे शुल्क, ना सळईची चाचणी, ना स्लॅबला पुरेसे पाणी मारण्याइतका धीर. त्याचे घर स्वस्त पडणारच! फेब्रुवारी २०२५ पर्यंत नालासोपाऱ्यातल्या ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. ऑगस्टमध्ये विरारच्या रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून १७ जीव गेले. हीही इमारत अनधिकृतच.

यंत्रे आणा, कारागीर घडवा, हे सल्ले चांगले आहेत. पण नाक्यावरच्या गवंड्याला शिकवण्याचा खर्च करणारा या बाजारात टिकायचा कसा? आम्ही बँकवाले कर्जाआधी बांधकाम परवाना मागत असू. महापालिकेने तो जोत्यापाशीच मागावा, पाचवा मजला चढल्यावर नव्हे.