विश्लेषण : भयपट पाहणारे खरंच मनाने अधिक खंबीर असतात का?

‘हॉरर बघणारे लोक मानसिकदृष्ट्या जास्त कणखर असतात, असं संशोधनातून सिद्ध झालंय’, अशा आशयाची पोस्ट किंवा रील तुमच्याही फीडमध्ये कधीतरी येऊन गेली असेल. खाली मित्रांना टॅग करून ‘बघ, मी सांगत होतो ना!’ अशा कमेंट्सही असतात. या दाव्यामागे एक खरा अभ्यास आहे. पण त्या अभ्यासाने जे सांगितलं आणि पोस्टमधून जे पसरतं, त्यात बरंच अंतर आहे. ‘स्त्री २’ आणि ‘मुंज्या’ने २०२४ मध्ये थिएटर भरवली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पुन्हा प्रदर्शित झालेल्या ‘तुंबाड’ने २०१८ मधल्या पहिल्या प्रदर्शनापेक्षा जास्त कमाई केली. भीतीला एवढी मागणी असताना ती मनाचं नेमकं काय करते, हे समजून घ्यायला हवं.

मूळ अभ्यास काय होता?

एप्रिल २०२०. करोनाची पहिली लाट, लस नाही, पुढे काय होणार याची कुणालाच कल्पना नाही. अशा वेळी कोल्टन स्क्रिव्हनर, जॉन जॉन्सन, येन्स केल्गॉर-क्रिस्टियनसन आणि मथियास क्लासन या संशोधकांनी अमेरिकेतील ३१० जणांना ऑनलाइन प्रश्नावली दिली. तुम्हाला कोणत्या प्रकारचे चित्रपट आवडतात, सध्या झोप कशी लागते, चिडचिड होते का, आयुष्यात काही चांगलं दिसतंय का, महासाथ आल्यावर काय करायचं याची मनात तयारी होती का, असं त्या प्रश्नांचं स्वरूप होतं. हा शोधनिबंध ‘पर्सनॅलिटी अँड इंडिव्हिज्युअल डिफरन्सेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्यातून तीन गोष्टी समोर आल्या. पहिली, भयपटांच्या चाहत्यांमध्ये त्या काळातला मानसिक त्रास तुलनेने कमी आढळला. दुसरी, झोंबी, परग्रहवासीयांचं आक्रमण, जगबुडी अशा विषयांवरचे चित्रपट आवडणाऱ्यांना त्रास तर कमी होताच, शिवाय आपली तयारी बरी होती असंही त्यांना वाटत होतं. तिसरी गोष्ट कुतूहलाची. मृत्यू, रोग, गुन्हे अशा विषयांबद्दल ज्यांना मुळातच जास्त उत्सुकता असते, त्यांना त्या दिवसांतही आयुष्यात काही सकारात्मक शोधता येत होतं.

भीतीचा ‘सराव’ होतो म्हणजे काय?

या निष्कर्षाचं संशोधकांनी दिलेलं स्पष्टीकरण साधं आहे. गोष्ट ही एक प्रकारची रंगीत तालीम असते. झोंबीपटात दुकानांमधला माल संपतो, रस्ते ओस पडतात, सरकार गोंधळतं, शेजारी शेजाऱ्यावर संशय घेतो. राक्षस खोटा असला, तरी माणसांचं वागणं ओळखीचं असतं. ज्याने हे पडद्यावर दहा वेळा पाहिलंय, त्याला प्रत्यक्षात तसं काही घडू लागल्यावर धक्का थोडा कमी बसू शकतो.

महासाथीच्या सुरुवातीला अनेकांनी ही तालीम स्वतःहून शोधली. स्टीव्हन सोडरबर्ग यांचा ‘कंटेजन’ हा २०११ चा चित्रपट डिसेंबर २०१९ मध्ये वॉर्नर ब्रदर्सच्या जुन्या चित्रपटांच्या मागणीत २७० व्या क्रमांकावर होता. करोनाच्या बातम्या सुरू झाल्यावर तो काही आठवड्यांत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला.

तालमीचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे, तो म्हणजे स्वतःच्या भीतीला हाताळणं. भयपट पाहताना आपण नकळत बरंच काही करत असतो. डोळ्यांसमोर बोटं धरतो, आवाज कमी करतो, शेजारच्याचा हात पकडतो, ‘हे खोटं आहे’ असं स्वतःला बजावतो. छातीत धडधडतं आणि थोड्या वेळाने ती धडधड थांबते. भीती येते तशी जातेही, हा अनुभव शरीराला मिळतो.

हे नुसतं तर्कावर आधारलेलं आहे का?

नाही. क्लासन आणि त्यांचे सहकारी डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठात मनोरंजनातल्या भीतीचाच अभ्यास करतात. त्यासाठी त्यांनी वायले शहराजवळचं एक ‘भूतघर’ निवडलं. जुन्या कारखान्यात उभारलेल्या या जागेत कलाकार अंगावर धावून येतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथे आलेल्या २८० जणांपैकी काहींनी जमेल तेवढं घाबरून घेण्यावर भर दिला, तर काहींनी भीती जमेल तेवढी कमी ठेवण्यावर. दोन्ही गटांनी आपापल्या युक्त्या वापरल्या. काहींनी लक्ष दुसरीकडे वळवलं, काही मुद्दाम प्रसंगात गुंतले, काहींनी सोबत्यांचा आधार घेतला. बाहेर पडल्यावर दोन्ही गटांचं समाधान जवळपास सारखंच होतं. म्हणजे मजा जास्त घाबरण्यातही होती आणि भीती काबूत ठेवण्यातही.

त्यानंतरच्या प्रयोगात ११० जणांना हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र लावून त्याच भूतघरात पाठवण्यात आलं. तिथे असं दिसलं की भीती फार कमी असेल तर कंटाळा येतो, फार जास्त झाली तर मजा संपते. आनंद मधल्या पट्ट्यात असतो. हा पट्टा प्रत्येकाचा वेगळा असतो. तुमच्या भावाला ‘तुंबाड’ पाहून हसू येत असेल आणि तुम्हाला रात्री पाणी प्यायला उठवत नसेल, तर दोघांपैकी कुणीच चुकीचं नाही.

मग पोस्टमधला दावा कुठे चुकतो?

इथे ‘संबंध’ आणि ‘कारण’ यांची गल्लत होते. अभ्यासाने एवढंच दाखवलं की भयपटांची आवड आणि कमी मानसिक त्रास या दोन गोष्टी एकत्र आढळल्या. एकीमुळे दुसरी घडली, हे त्यातून सिद्ध होत नाही. संशोधकांनीही आपले निष्कर्ष सरावाच्या कल्पनेशी ‘सुसंगत’ असल्याचं म्हटलं आहे, ती सिद्ध झाल्याचा दावा केलेला नाही.

उलट दिशेनेही विचार करून पाहा. ज्यांचं मन आधीच खंबीर आहे, त्यांनाच भयपट झेपत असतील तर? ज्यांना असे चित्रपट पाहून रात्र रात्र झोप येत नाही, ते दोन-तीन अनुभवांनंतर त्या वाटेला जात नाहीत. म्हणजे ‘चाहते’ या गटात उरतात ते मुळातच भीती पचवणारे. तालमीत जाणारे सगळे धडधाकट दिसतात, याचं एक कारण तालमीत जाण्याचं ठरवणारेही बहुधा धडधाकटच असतात, हे असू शकतं.

शिवाय माहिती लोकांनी स्वतःबद्दल स्वतःच दिलेली होती. काळ महासाथीच्या अगदी सुरुवातीचा होता आणि सहभागी एकाच देशातले होते. तिथे घरात बसून प्रश्नावली भरणारा माणूस आणि त्याच दिवसांत मुंबईहून गावाकडे पायी निघालेला मजूर यांची परीक्षा सारखी नव्हती. नोकरी गेली, घरातलं माणूस गेलं, अशा वेळी माणूस कशावर तग धरतो याचं उत्तर आवडत्या चित्रपटांच्या यादीत सापडणं अवघड आहे.

भयपट न आवडणारे कमकुवत असतात का?

अजिबात नाही. ताणाच्या काळात सावरण्याचे मार्ग अनेक असतात. भारतात २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने ‘रामायण’ मालिका पुन्हा दाखवायला सुरुवात केली आणि तिने प्रेक्षकसंख्येचे उच्चांक गाठले. शेवट माहीत असलेली गोष्ट लोक पुन्हा पाहत होते, ती बहुधा त्यासाठीच. बाहेर काहीच निश्चित नसताना पडद्यावर तरी पुढे काय होणार हे ठाऊक होतं. कुणी जुने विनोदी मराठी चित्रपट तिसऱ्यांदा पाहिले. ओळखीच्या गोष्टीकडे परतणं हासुद्धा मनाला स्थिर करण्याचाच प्रकार आहे.

खुद्द भयपटांच्या चाहत्यांमध्येही एकच प्रकार नाही. स्क्रिव्हनर यांच्या नंतरच्या कामात तीन गट दिसतात : थरारासाठी पाहणारे, भीती वाटत असतानाही दात-ओठ खाऊन पाहणारे आणि जगाबद्दलची किंवा स्वतःची चिंता हाताळण्यासाठी पाहणारे. पहिल्या गटाला मुख्यतः मजा मिळते, तर दुसऱ्या गटाला आपल्याबद्दल काहीतरी कळल्यासारखं वाटतं. तिसऱ्या गटाला दोन्ही मिळतं. ‘किती पाहता’ याइतकंच ‘कशासाठी पाहता’ हेही महत्त्वाचं ठरतं.

भयपट आणि भयानक व्हिडीओ यांत फरक काय?

सोशल मीडिया वापरणाऱ्यांसाठी हा प्रश्न सर्वांत कळीचा आहे. एप्रिल २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यात त्याबद्दलच्या बातम्या आणि दृश्यं रोज सहा किंवा त्याहून जास्त तास पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष मॅरेथॉनच्या ठिकाणी असलेल्यांपेक्षाही अधिक आढळली. अॅलिसन होल्मन, डॅना रोज गार्फिन आणि रोक्सेन कोहेन सिल्व्हर यांचा हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. हाही ‘संबंध’च आहे, पण सावध करणारा.

भयपटाला सुरुवात आणि शेवट असतो. तो तुम्ही निवडलेला असतो, खोटा आहे हे ठाऊक असतं आणि बहुतेक वेळा सोबत कुणीतरी असतं. अपघात, हल्ला, दंगल यांचे व्हिडीओ यातलं काहीच देत नाहीत. ते न विचारता समोर येतात, खरे असतात आणि अंगठा सरकवला की पुढचा तयार असतो. भीती चढते, पण उतरायला वेळच मिळत नाही. त्यामुळे ‘मला हॉरर झेपतं, म्हणून मला हेही झेपेल’ हा हिशोब धोक्याचा आहे.

मुलांना ‘धीट’ करण्यासाठी दाखवावेत का?

कोकणातल्या ओसरीवर भुताच्या गोष्टी ऐकत मुलांच्या कित्येक पिढ्या मोठ्या झाल्या, हे खरं. पण त्या गोष्टी सांगणारी आजी समोर असायची. पोराचा चेहरा उतरला की ती गोष्ट आवरती घ्यायची. पडदा तसं करत नाही. क्रिस्टन हॅरिसन आणि जोअॅन कँटर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लहानपणी किंवा पौगंडावस्थेत पडद्यावरचं काहीतरी पाहून प्रचंड घाबरल्याचं सुमारे ९० टक्के महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सांगितलं. त्याचा काही अंश अजूनही मनात आहे, असं म्हणणारे जवळपास २६ टक्के होते. काहींना वर्षानुवर्षं पाण्यात उतरायची किंवा अंधारात झोपायची भीती वाटत राहते. धीट करण्याच्या नावाखाली बळजबरीने दाखवलेला चित्रपट सराव ठरत नाही, कारण सरावात थांबण्याचा हक्क आपल्याकडे असतो.

निष्कर्ष काय?

भयपट आवडत असतील तर अपराधी वाटून घेण्याचं कारण नाही. ‘असलं बघून डोकं बिघडतं’ या जुन्या समजाला या संशोधनाने चांगला शह दिला आहे. पण भयपट म्हणजे औषध नव्हे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे १०.६ टक्के प्रौढांना कुठला ना कुठला मानसिक विकार होता आणि वेगवेगळ्या विकारांमध्ये उपचारांपासून दूर राहिलेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के होतं. अशा देशात ‘चार हॉरर बघ, मन घट्ट होईल’ हा सल्ला गमतीत दिला तरी कुणीतरी तो खरा मानू शकतं.

झोप उडाली असेल, धडधड थांबत नसेल, रोजची कामं जमेनाशी झाली असतील, तर चित्रपट बदलून भागणार नाही. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं. ती रील पुढे पाठवणार असाल, तर सोबत हा क्रमांकही पाठवा.