ब-एक म्हणजे कितवो नंबर?

एक मेला ध्वजवंदन आटोपलं की प्राथमिक शाळेतली पोरं प्रगतिपत्रक घेऊन घरी निघतात, आणि त्यातली बरीचशी वाटेत सिंधुदुर्गातल्या कसाल बाजारातल्या माझ्या दुकानात थांबतात. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लॅमिनेशन, फ्लेक्स असा माझा धंदा. लॅमिनेशनच्या मशीनमध्ये जाण्याआधी प्रत्येक कार्ड माझ्या डोळ्यांखालून जातंच. एका वर्षी एका आजीने नातवाचं कार्ड काउंटरवर ठेवलं, गणितासमोरच्या श्रेणीवर बोट टेकवलं आणि विचारलं, "ब-एक म्हणजे कितवो नंबर इलो, तां सांग."

"आजी, आता नंबर देवक नाय."

"मगे हुशार कोण तां कळतला कसां?"

मी तिला सरकारी उत्तर दिलं. शिक्षण हक्क कायदा आला, त्यापाठोपाठ २० ऑगस्ट २०१० ला राज्य शासनाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा निर्णय काढला आणि पहिली ते आठवीचे नंबर गेले. शंभरपैकी ९१ पासून वर अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, अशी उतरंड थेट इ-२ पर्यंत. म्हणजे पोराला गणितात सत्तरच्या वर आहेत. आजीने ऐकून घेतलं, पण समाधान काही झालं नाही. मी पोराला विचारलं, वर्गात किती जण? चौघे, म्हणाला. म्हणजे पूर्वीसारखा नंबर दिला असता, तरी तो फार तर चौथा आला असता, आणि शेवटचाही तोच ठरला असता. चौघांतला पहिला आणि चौघांतला चौथा यांच्यात फरक तो काय? कदाचित तीन गुणांचा. कदाचित चाचणीच्या दिवशी आलेल्या तापाचा.

तरी आजीचा प्रश्न मला खुळा वाटत नाही. नंबर खोटा असेल, पण कळतो तरी. त्याच्या जागी आपण जे आणलं, ते वाचून घरच्यांना काय कळतं, ते बघा. श्रेणीच्या बाजूला वर्णनात्मक नोंदींचा रकाना असतो. मूळ कल्पना फार चांगली होती. शिक्षकाने वर्षभर मुलाकडे बघायचं, तोंडी काम, प्रकल्प, प्रात्यक्षिक, स्वाध्याय यांतून त्याला काय जमतं ते टिपायचं. पहिली-दुसरीला तर शंभरातले सत्तर गुण या रोजच्या आकारिक मूल्यमापनाचे आणि लेखी-तोंडी संकलित चाचणीचे फक्त तीस. सातवी-आठवीला हे प्रमाण चाळीस-साठ होतं. कागदावर यापेक्षा शहाणी पद्धत मला तरी सुचली नसती.

प्रत्यक्षात काय झालं ते माझ्या झेरॉक्स मशीनला विचारा. सुरुवातीच्या वर्षांत तयार नोंदींच्या पुस्तिका माझ्याकडे छापायला येत. विषयवार वाक्यं, वर अनुक्रमांक. 'परिपाठात सहभाग घेतो.' 'प्रश्नांची उत्तरे आत्मविश्वासाने देतो.' 'परिसर स्वच्छ ठेवतो.' आता त्या व्हॉट्सॲपवर पीडीएफ होऊन फिरतात, माझा तेवढा धंदा गेला. एका मुलग्याच्या कार्डावर मी 'नीटनेटकी राहते' असं वाचलं आहे. त्याच्या आधीच्या मुलीचं वाक्य तसंच खाली उतरलं होतं. शाळेचं नाव सांगणार नाही, कारण दोष एका शाळेचा नाही.

शिक्षकांना झोडपायलाही मी बसलेलो नाही. आमच्याकडच्या बऱ्याच शाळांत दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता. सकाळी परिपाठ, मग पोषण आहाराची नोंद, यू-डायसची माहिती, चाचण्यांचे गुण चॅटबॉटवर चढवायचे, मतदार यादीचं काम मध्येच. संध्याकाळी पाच वाजता 'इंटरनेट चालू आहे का?' म्हणत माझ्या दुकानात शिरणारे गुरुजी मी बघतो. एप्रिलअखेरीला त्यांच्यापुढे कार्डांचा गठ्ठा पडला की ते पीडीएफच उघडणार.

म्हणून मला म्हणायचंय ते एवढंच, की पालक नंबराच्या मागे लागलेत याचं खापर त्यांच्या हव्यासावर फोडून आपण सुटू शकत नाही. नोंद पोकळ निघाली, म्हणून लोक नंबराकडे वळले. कुणीतरी माझ्या पोराकडे खरंच बघितलं होतं का, हा त्यांचा प्रश्न आहे. तो विचारायला त्यांच्याकडे दुसरी भाषा उरलेली नाही.

दहावीला तर आणखी मजा. बोर्डाने गुणवत्ता यादी कधीच बंद केली. मग ती आम्ही गावागावांत सुरू केली. निकालाच्या दुपारपासून माझ्याकडे फ्लेक्सची रांग लागते: 'प्रशालेत प्रथम', 'केंद्रात द्वितीय', वर काकांचे, मामांचे आणि वॉर्डातल्या पुढाऱ्यांचे फोटो. मुलाचा फोटो कधीकधी पुढाऱ्यापेक्षा लहान असतो, पैसे कोण देतो त्यावर ते ठरतं. यातून माझं घर चालतं, हे मी नाकारत नाही.

पण ज्या टक्क्यांवर हे नंबर उभे आहेत, ते टक्के किती हलतात ते आठवा. २०१८ ला राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा विषयांतले तोंडी परीक्षेचे शाळेच्या हातातले गुण काढून घेतले आणि निकाल ७७.१० वर आला. आमचा कोकण विभागही ९६ वरून ८८.३८ वर घसरला. नंतर ते गुण परत दिले, २०२० ला राज्याचा निकाल ९५.३० झाला. २०१९ ला बसलेली पोरं तेवढी मठ्ठ होती की काय? २०२१ ला करोनामुळे परीक्षाच झाली नाही, नववीचे आणि शाळेतले गुण धरले, आणि कोकण विभाग शंभर टक्के पास. २०२५ ला आमचा निकाल ९८.८२, राज्यात पहिला. २०१२ साली कोल्हापूरपासून वेगळं होऊन रत्नागिरीचं मंडळ झालं, तेव्हापासून कोकण दरवर्षी पहिला येतो, आणि दरवर्षी पेढे वाटले जातात. मला त्याचा आनंद आहे. पण शंभरातले नव्व्याण्णव पास होत असतील, तर 'पास' हा शब्द मुलाबद्दल काही सांगत नाही, आणि मग सगळा भार पुन्हा नंबरावर जाऊन पडतो.

शिष्यवृत्ती परीक्षेचं वेगळं. राज्यभर एकच पेपर, बसायचं की नाही ते घरच्यांनी ठरवायचं, आणि यादी लागणार हे आधीच ठाऊक. तिथल्या नंबराबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती चौघांच्या वर्गातल्या नंबराची.

आणि इथेच मला वाटतं, की आमच्या जिल्ह्याला जे कमीपण म्हणून सांगितलं जातं, तेच खरं भांडवल आहे. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा इथल्या कितीतरी वाड्यांतल्या लोकांच्या पोटात गोळा आला होता. पट कमी म्हणून शाळा निरुपयोगी, असा तो हिशेब. पण साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाची खरी नोंद लिहिणं शहरातल्या शिक्षकाला अशक्य आहे, आणि इथे वर्गात चार, शाळेत चौदा मुलं. कोणाला हातचा घ्यायला विसरायची सवय आहे, कोण वाचताना जोडाक्षराला अडखळतो, कोणाला बाबांबरोबर मासळीच्या हिशेबाला बसून तोंडी बेरीज पाठ झाली आहे, हे गुरुजींना ठाऊक असतंच. विचारलं तर बाजारात उभ्या उभ्या सांगतात. कार्डावर मात्र 'गणितीय क्रिया आत्मविश्वासाने करतो' एवढंच उतरतं.

डिसेंबर २०२३ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली, नापास झाल्यास फेरपरीक्षा. तिचं समर्थन करणारे म्हणतात, आता अभ्यासाला धाक आला. येऊ दे. पण फेरपरीक्षेला बसणाऱ्या पोराच्या आईला नेमकं काय कच्चं आहे ते कोण लिहून देणार? इ-१ हे अक्षर?

समग्र प्रगती पत्रक नावाचं नवं कार्ड नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर आलं आहे. रंगीत आहे, पानं जास्त आहेत, मुलाने स्वतःबद्दल भरायचा भागही आहे. पानं वाढली की पीडीएफही वाढेल, ही माझी भीती. उलट करा. रकाने कमी करा आणि प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकाने स्वतःच्या शब्दांत फक्त तीन वाक्यं लिहावीत: काय जमतं, कुठे अडतं, सुट्टीत घरच्यांनी काय करून घ्यावं. मालवणीत लिहिली तरी चालतील. त्या बदल्यात एप्रिलमधले दोन आठवडे शिक्षकाकडून एकही ऑनलाइन माहिती मागू नका. तपासणीही सोपी आहे. केंद्रप्रमुखांनी शाळेत जाऊन एका वर्गाची कार्डं टेबलावर शेजारी शेजारी मांडावीत. दोन मुलांची वाक्यं सारखी निघाली तर गठ्ठा परत.