डब्याच्या मागची ओळ

गॅरेजच्या कोपऱ्यात १५ डब्ल्यू-४० चे बॅरल, त्याला हातपंप, आणि दारात येईल त्या गाडीत तेच ऑइल. कित्येक गॅरेजांचा धंदा वर्षानुवर्षे या एका बॅरलवर चालला. त्यात फारसे चुकतही नव्हते, कारण जुन्या इंजिनांचे त्यावर भागत होते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि गणित बदलले. तेव्हा विकल्या गेलेल्या गाड्यांची वॉरंटी आता संपली आहे. कंपनीचे सर्व्हिस सेंटर सोडून त्या नाक्यावरच्या गॅरेजात येऊ लागल्या आहेत, आणि बॅरल मात्र तेच आहे.

सर्वात मोठे नुकसान डिझेल गाड्यांचे होते. या गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये डीपीएफ असतो. त्यात अडकलेली काजळी ठरावीक काळाने जाळून टाकली जाते. ऑइलमधल्या कॅल्शियम, झिंकसारख्या धातूंची राख मात्र जळत नाही; ती फिल्टरमध्ये साचत जाते. म्हणून या इंजिनांना कमी राखेचे ऑइल लागते. युरोपच्या एसीईए मानकांत सी३ ऑइलला सल्फेटेड राखेची मर्यादा ०.८ टक्के आहे, तर ए३/बी४ ऑइलमध्ये ती १.६ टक्क्यांपर्यंत, म्हणजे दुप्पट चालते. आता खरी गोम अशी की दोन्ही डब्यांवर समोर ठळक अक्षरांत ५ डब्ल्यू-३० च लिहिलेले असू शकते. फरक असतो तो मागच्या बारीक ओळीत. ती न वाचता ओतलेल्या ऑइलची किंमत पुढे ग्राहक नव्या फिल्टरच्या बिलात मोजतो.

अशा गाडीची डिपस्टिकही वेगळ्या नजरेने पाहायला हवी. गाडी रोज चार-पाच किलोमीटरच फिरत असेल, तर काजळी जाळण्याचे काम अर्ध्यावर तुटते. त्यासाठी उशिराने फवारलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरते आणि ऑइलची पातळी वरच्या खुणेच्या पुढे जाते. ‘गाडी ऑइल खात नाही’ म्हणून मालक खूश असतो. पण ते ऑइल पातळ झालेले असते आणि किलोमीटर भरायची वाट न पाहता बदलावे लागते. ऑइल काळे दिसते म्हणून काढणे आणि पातळी वाढली तरी ठेवणे, या दोन्ही सवयी सोडायला हव्यात. डिझेलचे ऑइल काळे होणे हे ते काजळी धरून ठेवत असल्याचे लक्षण आहे.

टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांचा धोका निराळा. कमी आरपीएमवर जोर दिला की मिश्रण कधीकधी स्पार्कच्या आधीच पेटते आणि पिस्टन फुटू शकतो. मे २०२० मध्ये आलेल्या एपीआय एसपी श्रेणीत याची चाचणी आहे, टायमिंग चेनच्या झिजेचीही आहे. अशा इंजिनात जुन्या श्रेणीचे स्वस्त ऑइल घालू नये.

राहिला पातळ ऑइलचा वाद. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांत ‘० डब्ल्यू-२०’ कशाला, असे ग्राहक विचारतो आणि पुष्कळ मेकॅनिक माना डोलावतात. पण थर्मोस्टॅट कूलंटला साधारण ९० अंशांच्या आसपास ठेवतो, गाडी नागपूरची असो वा महाबळेश्वरची. १०० अंशांना २० ग्रेडचा दाटपणा ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक्स असतो, ४० चा १२.५ ते १६.३. म्हणजे पंप, बेअरिंग आणि व्हीव्हीटीच्या अरुंद वाटा ज्या ऑइलसाठी आखल्या, त्याच्या पावणेदोन पट दाट ऑइल त्यांत जाते. मॅन्युअलच्या तक्त्यात दाट ग्रेडला परवानगी असेल तर खुशाल वापरावे. नसेल तर मायलेज पडल्याची तक्रार घेऊन तोच ग्राहक परत येतो.

फोर्डच्या इकोस्पोर्टमधले एक लिटरचे इकोबूस्ट इंजिन तर आणखी नाजूक. त्याचा टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच फिरतो. त्याला कंपनीने नेमून दिलेल्या स्पेसिफिकेशनचे ५ डब्ल्यू-२० च हवे. चुकीच्या ऑइलने बेल्टचे रबर सुटते आणि ते तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. फोर्डने २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. या गाड्याही आता नाक्यावरच्या गॅरेजात येणारच.

प्रत्येक गॅरेजने एक बदल याच महिन्यात करावा. जॉब कार्डवर नुसते ‘ऑइल चेंज’ न लिहिता ग्रेड, एपीआय किंवा एसीईए श्रेणी, ब्रँड, लिटर आणि किलोमीटर लिहावेत, आणि तीच नोंद ग्राहकाच्या बिलावर द्यावी. रिकामे डबे भंगारात देण्याआधी भोसकून टाकावेत, म्हणजे त्यांत बनावट ऑइल भरून ते पुन्हा बाजारात येणार नाही.