फास कुणाचा?

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो होतो. रात्री आत्याने ताटात रस्सा वाढला. चव वेगळी लागली म्हणून विचारले, तर आतेभाऊ हसत म्हणाला, “दादा, रानडुक्कर आहे. तुम्ही येणार म्हणून मुद्दाम फास लावला होता.”

घास हातातच राहिला. पण खरे सांगतो, आधीचे चार घास पोटात गेले होते.

मी म्हणालो, “अरे, आपण पंचशील घेतलेली माणसं!”

“दादा, मी कुठं मारलं? मी तर घरात झोपलो होतो. ते आपल्या पायानं येऊन अडकलं. अन् उभं धान ही डुकरं एका रात्रीत लोळवतात, ते मुंबईत बसून कसं दिसणार?”

धानाचे त्याचे दुःख खरे आहे. डॉ. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. पिकाचे नुकसान झाले तर लगेच वनखात्याला कळवून पंचनामा करावा, भरपाई मागावी. फारच उपद्रव असेल तर परवानगीची रीतही कायद्यात आहे. पण त्या दिवशीचा फास धानासाठी नव्हता, पाहुण्यासाठी होता. तिथे गरज कोणती?

आणि ‘मी झोपलो होतो’ हा जबाब चालत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फास लावणे, इतकेच काय, तसा प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच आहे. फासाला डोळे नसतात. त्यात गाभण हरिणी अडकते, शेजाऱ्याचे वासरू अडकते. तारेत वीज सोडली तर माणूसही जातो. लावणारा मात्र घरी झोपलेला!

मी कारकून माणूस. खर्च ज्याच्यासाठी झाला त्याच्या नावे मांडायचा, ही आमची रीत. म्हणून त्या जिवाची नोंद आतेभावाइतकीच माझ्याही नावे आहे.

असा स्वतःचा हिशेब सम्राट अशोकाने उघड मांडला. आपल्या स्वयंपाकघरात पूर्वी रोज किती जीव मारले जात आणि आता दोन मोर व एक हरिण तेवढे उरले, तेही पुढे बंद होतील, हे त्याने दगडावर कोरून ठेवले. आधीचे राजे शिकारीच्या सहली काढत. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीच्या स्थानी, म्हणजे बोधगयेला गेला आणि शिकारीच्या जागी धम्मयात्रा सुरू झाल्या. हे सांगणाऱ्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली सोपाऱ्यात सापडला. ज्या नालासोपाऱ्याहून आपले कितीतरी बांधव रोज लोकल पकडतात, तेच हे सोपारे! लोकांना सांगण्याआधी राजाने स्वतःचे ताट तपासले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघे भाऊ बांधावर गेलो आणि उरलेले तीन फास काढले. आत्या म्हणाली, “पुढच्या खेपेला पिठलं करीन.”

बंधू-भगिनींनो, गावी जाल तेव्हा आधीच निरोप धाडा : आमच्यासाठी फास लावू नका. पाहुण्याने एवढे सांगितले, तर एक जीव नक्की वाचेल.