बॅटरीचे वार्धक्य : केवळ पल्ल्याचा प्रश्न नव्हे

संपादक महाशय यांस,

विद्युत्-मोटारीची बॅटरी जुनी झाली म्हणजे केवळ पल्ला घटतो, अन्य व्यवहार यथापूर्व चालतो, असा जो निर्वाळा गतांकातील पत्रलेखकांनी दिला आहे, तो मला सर्वस्वी अमान्य आहे. लिथियम-आयन घटातील ऋणाग्रावर साचणाऱ्या थरात लिथियम अडकून धारणाशक्ती क्षीण होते हे खरे. परंतु त्याबरोबर अंतर्गत रोधही वाढतो, आणि खरी मेख तेथेच आहे. रोध वाढला की तेवढ्याच प्रवाहाने विद्युद्दाब कमाल मर्यादेस लवकर भिडतो, म्हणून नियंत्रक जलद चार्जिंगचा वेग अगोदरच उतरवतो; आणि गती रोखताना मोटर जी ऊर्जा परत धाडते, तीही याच वाटेने आत यावयाची असल्यामुळे, विशेषतः थंडीत किंवा बॅटरी भरलेली असता, तिलाही मज्जाव होतो. घाट उतरणाऱ्या चालकास हे ठाऊक असणे अत्यावश्यक नाही काय? २०१२ साली ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात, द्रवशीतन नसलेल्या निसान लीफ गाड्यांच्या बॅटऱ्यांची धारणाशक्ती घटल्याच्या तक्रारी उठल्या, तेव्हा कंपनीने हमी दिली ती धारणाशक्तीची, रोधाची नव्हे. म्हणूनच जुन्या गाडीच्या विक्रीच्या दस्तऐवजात रोधाचीही नोंद सक्तीची व्हावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

आपला,
एक वाचक