रात्री जागणारी माणसे



आमचा मुलगा नोकरीनिमित्त दोन वर्षांपासून केनियातील नैरोबी शहरात राहतो. त्याच्या आग्रहावरून गेल्या डिसेंबरात मी आणि सौ. महिनाभर तिकडे राहून आलो. परतल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "सिंह पाहिला का?" पाहिला. पण त्याच दिवशी जे ऐकले, ते सिंहापेक्षा मोठे होते. तेच आज सांगतो.

मुलगा, सून, दहा वर्षांचा नातू आणि आम्ही दोघे, असे पाचजण पहाटे सहाला राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर पोहोचलो. केनियातले हे पहिले राष्ट्रीय उद्यान. स्थापना १९४६ सालची, क्षेत्रफळ सुमारे ११७ चौरस किलोमीटर, आणि तेही शहराला अगदी लागून! समोर गवतात झेब्रे चरत आहेत आणि त्यांच्या पाठीमागे उंच उंच इमारती, असे दृश्य दुसरीकडे क्वचितच दिसेल.

नातू म्हणाला, "आजोबा, वाघ दिसेल का?" गाडीचे चालक हसले. आफ्रिकेच्या रानात वाघ नाहीत, ते आशिया खंडाचे. थोड्याच वेळात रस्त्याच्या कडेला एक सिंहीण पहुडलेली दिसली. आमच्याकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही. सौ. हळूच म्हणाल्या, "हिला आपली काही पर्वाच नाही."

आमचे चालक मासाई समाजाचे होते. उद्यान होण्यापूर्वी या माळावर त्यांच्याच समाजाची गुरे चरत असत. दक्षिणेकडे बोट दाखवून ते म्हणाले, "तीन बाजूंना कुंपण आहे. इकडे मात्र नदी आहे, कुंपण नाही." पावसाळ्यात चरणारी जनावरे तिकडच्या मोकळ्या माळावर जातात आणि त्यांच्या मागे सिंहही जातात. पलीकडे मासाईंचे गोठे आहेत. रानातल्या हरणापेक्षा गोठ्यातली गाय मारणे सोपे. मग गाय गेलेली माणसे भाले घेऊन निघतात. जून २०१२ मध्ये किटेंगेला भागात शेळ्या मारल्या गेल्या म्हणून संतापलेल्या लोकांनी सहा सिंह मारले होते.

त्याच भागातल्या रिचर्ड तुरेरे या मुलाची गोष्ट आम्हाला गाडीतच समजली. वडिलांची गुरे राखण्याचे काम त्याच्याकडे होते. सिंह गाई मारत, म्हणून त्याला सिंहांचा फार राग. त्याने आधी जाळ करून पाहिला, मग बुजगावणे उभे केले. सिंह दोन्हींना फसले नाहीत. एका रात्री तो टॉर्च घेऊन गोठ्याभोवती फिरत राहिला, त्या रात्री सिंह आले नाहीत. हलत्या उजेडाला ते भितात, हे त्याने ओळखले. मग गाडीची जुनी बॅटरी, मोटारसायकलच्या इंडिकेटरचा भाग, मोडक्या टॉर्चचे दिवे आणि सूर्यप्रकाशावर चालणारे पॅनेल जोडून त्याने आळीपाळीने लुकलुकणारे दिवे गोठ्याभोवती लावले. सिंहाला वाटावे, कोणीतरी टॉर्च घेऊन फिरते आहे! तेव्हा त्याचे वय अकरा वर्षांचे. गाई वाचल्या, सिंहही वाचले. शेजाऱ्यांनी आपल्या गोठ्यांना तसेच दिवे लावून घेतले. या मुलाला चांगल्या शाळेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली आणि २०१३ साली त्याने अमेरिकेत जाऊन आपली हकिगत सांगितली.

अकरा वाजता आम्ही उद्यानालगतच्या हत्तींच्या अनाथालयात गेलो. कोणाची आई हस्तिदंतासाठी मारली गेली, कोणाची दुष्काळात गेली, कोणी विहिरीत पडले, अशी पिल्ले येथे आणतात. डॅफ्ने शेल्ड्रिक या बाईंनी पतीच्या स्मरणार्थ १९७७ साली ही संस्था सुरू केली. त्यांचे पती त्सावो ईस्ट या मोठ्या अभयारण्याचे पहिले अधिकारी होते. गाईच्या दुधातली चरबी हत्तीच्या तान्ह्या पिल्लाला पचत नाही. बरीच वर्षे धडपडून बाईंना खोबरेल घातलेल्या दुधाचा उपाय सापडला. त्या २०१८ साली वारल्या.

पण पोट भरले म्हणजे पिल्लू जगते असे नाही. ते एकटेपणाने खंगते. म्हणून येथले सेवक रात्री पिल्लांच्याच खोलीत झोपतात, दर तीन तासांनी उठून दूध पाजतात. एकाच माणसाचा फार लळा लागू नये, म्हणून रोज माणूस बदलतात. सूनबाई म्हणाल्या, "आई, बाळंतिणीचीसुद्धा इतकी जागरणे होत नाहीत."

दुपारी जिराफ केंद्रात गेलो. उंच ओट्यावर उभे राहिले की जिराफाचे तोंड समोर येते. नातवाच्या हातावरचे खाद्य त्याने लांबलचक काळ्या जिभेने उचलले, तेव्हा नातू किंचाळला आणि सौ. पोट धरून हसल्या.

रात्री जेवताना नातवाने मला विचारले, "आजोबा, आपल्या घरी कोणी गुरे राखायचे का?" ती गोष्ट मी आमच्या मुलालाही कधी सांगितली नव्हती. त्या रात्री सांगितली.

माझे वडील अकरा वर्षांचे असताना गावातल्या एका मालकाची गुरे राखत. सकाळी शाळा, मग रान. एका संध्याकाळी बिबट्याने कालवड नेली. मालकाने तिची किंमत वडिलांच्या अंगावर घातली. ती फेडायला ते वर्षभर बिनपगारी राबले. रात्री गोठ्यावर जागायचे आणि दिवसा शेतात. शाळेच्या पटावरून नाव गेले, ते पुन्हा चढले नाही. वडिलांनी बिबट्याला कधी शिवी दिली नाही. म्हणायचे, "बिबट्याला काय कळतं कालवड कुणाची ते? माणसाला तर कळतं ना!"

अकरा वर्षांची दोन मुले. एकाला जनावरामुळे शाळा मिळाली, दुसऱ्याची जनावरामुळे सुटली. हा फरक सिंहाने केला नाही, बिबट्यानेही केला नाही. तो माणसांनी केला.

नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पणजोबांकडे टॉर्च नव्हता का?"

"नव्हता रे. कंदील होता, तोही मालकाचा."

बंधू-भगिनींनो, मुलांना ताडोबाला न्या, पेंचला न्या, जिथे जमेल तिथे जरूर न्या. वाघ दाखवा, पण परतताना रानाशेजारच्या गावाकडेही बोट दाखवा. हे रान टिकावे म्हणून तिथे रात्री कोण जागते आणि त्याचे नुकसान कोण भरून देते, हे त्यांना विचारू द्या. आणि तुमच्याही घरात अशी एखादी न सांगितलेली गोष्ट असेल, तर ती आजच जेवताना सांगा.