आमच्या मुलांच्या इंग्रजीची सरेंडर व्हॅल्यू किती?

धारावीत आमच्या परिचयाचे एक कारखानदार आहेत. चामड्याची पाकिटे, पट्टे, बॅगा असा माल ते गेली तीस वर्षे काढतात. हाताखाली चौदा कारागीर, माल चोख, शब्दाचे पक्के. इतकी वर्षे त्यांचा माल दुसऱ्याच्या नावावर परदेशी जात होता. एकदाची त्यांनी हिंमत केली, आखाती देशातील एका व्यापाऱ्याची ऑर्डर थेट स्वतःच्या नावावर घेतली. एल. सी. आली, म्हणजे पैशाची हमी बँकेने घेतली. माल वेळेवर बोटीवर चढला. सर्व कागद बँकेत गेले आणि आठवड्याच्या आत नापसंत होऊन परत आले.

कारण काय? एल. सी. मध्ये मालाचे वर्णन होते ‘गोट लेदर वॉलेट’. बिलावर टाइप झाले होते ‘लेदर पर्स’. बिल टाइप केले होते त्यांच्या भाच्याने. मुलगा इंग्रजी माध्यमात बारावीपर्यंत शिकलेला, फडाफडा इंग्रजी बोलणारा. मामूंनी विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘मामू, दोन्हींचा अर्थ एकच होतो. सारखा तोच तोच शब्द बरा दिसत नाही.’

मुलाचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. त्याला शाळेत तेच शिकवले गेले. निबंधात एकच शब्द पुन्हा पुन्हा आला तर मास्तर गुण कापतात. बँकेत मात्र दुसरा शब्द आला तर पैसे कापले जातात. एल. सी. चे व्यवहार ज्या आंतरराष्ट्रीय नियमावलीने चालतात तिची सध्याची आवृत्ती २००७ पासून लागू आहे. तिच्यात स्पष्ट लिहिले आहे की बँक कागद पाहते, माल पाहत नाही. आणि बिलावरील मालाचे वर्णन एल. सी. मधील वर्णनाशी जुळलेच पाहिजे. इतर कागदांत सर्वसाधारण वर्णन चालून जाते, बिलात नाही. कागद तपासून नकार द्यायला बँकेला कामाचे पाच दिवस असतात. एकदा नकार आला की हमी गेली आणि विक्रेता पूर्णपणे खरेदीदाराच्या मर्जीवर आला. आमच्या या भाईंना शेकडा सात सूट द्यावी लागली. त्या ऑर्डरीत त्यांचा नफाच मुळी नऊ टक्के होता.

ही हकीकत सांगण्याचे कारण असे की आपल्या समाजात इंग्रजीचा विषय निघाला की चर्चा एकाच जागी येऊन थांबते. मुलांना इंग्रजी माध्यमात घाला, म्हणजे सर्व प्रश्न सुटतील! इंग्रजी हवे, याबद्दल आता वाद उरलेला नाही. पण कोणते इंग्रजी, किती, आणि कोणत्या कामासाठी, हा हिशेब कोणी मांडत नाही. कापडाचा ताका घेताना चार वेळा चुटकीत धरून पाहणारा आमचा व्यापारी मुलाच्या शिक्षणात मात्र गठडी न उघडताच पैसे मोजतो.

विम्याची पॉलिसी घेणाऱ्या प्रत्येकाला सरेंडर व्हॅल्यू हा शब्द माहीत असतो. हप्ते मध्येच बंद पडले तर हातात काय येणार, ती रक्कम. हाच शब्द भाषेच्या शिक्षणाला लावला तो मायकेल वेस्ट नावाच्या एका इंग्रज शिक्षकाने. हे गृहस्थ ढाक्याला सरकारी शिक्षण खात्यात होते. बंगाली मुलांच्या इंग्रजीचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला आणि १९२६ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे सरळ होते. बहुतेक मुले अभ्यासक्रम पुरा करत नाहीत, मध्येच शाळा सोडतात. मग असा अभ्यासक्रम काय कामाचा, जो शेवटच्या पायरीपर्यंत गेलेल्यालाच उपयोगी पडतो? ज्या वर्षी मूल शाळा सोडेल त्या वर्षापर्यंत शिकलेले त्याच्या हाती वापरण्याजोगे उरले पाहिजे. म्हणून त्यांनी आधी वाचायला शिकवा असे सांगितले, आणि शब्द निवडून, मोजून, थोडे थोडे देणारी वाचनमाला तयार केली.

जवळजवळ शंभर वर्षे झाली. आज मालेगावात, भिवंडीत, मिरजेत आमची किती मुले सातवी-आठवीला शाळा सोडून मागावर, दुकानात किंवा गॅरेजात जातात, ते वाचकांनी आपल्या मोहल्ल्यात मोजून पाहावे. महाराष्ट्रात मराठी आणि उर्दू शाळांतून पूर्वी इंग्रजी पाचवीपासून असे. जून २००० पासून ते पहिलीपासून सुरू झाले. म्हणजे आठवीला शाळा सोडणाऱ्या मुलाने सात-आठ वर्षे इंग्रजीचे हप्ते भरलेले असतात. त्याच्यापुढे लाइटचे बिल, औषधाची चिठ्ठी किंवा सुताच्या पेटीवरचे लेबल ठेवा आणि काय हाती आले ते पाहा. तो अक्षरे वाचतो, अर्थ लागत नाही. मक्तबात आपली मुले नाज़रा पढतात ती इबादत आहे, तिचा मोबदला देणारा दरबार वेगळा आहे. पण इंग्रजी न समजता वाचण्याचा सवाब कोठेही मिळत नाही.

दोष मुलांचा नाही, बहुतेक ठिकाणी शिक्षकांचाही नाही. इंग्रजी ही आमच्या घरची भाषा नव्हे. कोकणात घरी कोकणी बोली, इतरत्र दखनी किंवा मराठी, शाळेत उर्दू, बाजारात हिंदी, आणि मग इंग्रजी. ती आमची दुसरी काय, तिसरी-चौथी भाषा. अशी भाषा शिकवण्याची रीत घरच्या भाषेपेक्षा निराळी असावी लागते, आणि ती रीत काही विलायतेतूनच आणायला हवी असे नाही. १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास आणि आसपासच्या साध्या शाळांत एन. एस. प्रभू यांनी एक प्रयोग केला. त्यांनी व्याकरणाचे धडे बाजूला ठेवले आणि मुलांपुढे कामे ठेवली. हे रेल्वेचे वेळापत्रक आहे, अमुक गाडी चुकली तर पुढची कोणती आणि ती किती वाजता पोचेल? हा नकाशा आहे, इथून तिथे कसे जाल? आधी शिक्षकाने एक उदाहरण सर्वांबरोबर बोलत बोलत सोडवायचे, मग तसलेच दुसरे मुलांनी आपले आपण. डोके कामात गुंतले की भाषा पाठोपाठ येते, असा त्यामागचा विचार. या प्रयोगाबद्दल तज्ज्ञांत पुष्कळ वाद झाले. पण ज्याला कारखान्यात उस्तादाच्या हाताखाली हुन्नर कसा शिकतात ते ठाऊक आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. आधी उस्ताद करून दाखवतो, मग शागीर्द करतो. करवत म्हणजे काय याची व्याख्या कोणी पाठ करून घेत नाही.

एका धंद्यापुरते मोजके इंग्रजी शिकवता येते का, अशी शंका काही जण काढतील. रत्नागिरी आणि रायगडच्या ज्या घरांतून पिढ्यानपिढ्या माणसे बोटीवर गेली, त्यांना हे सांगावे लागणार नाही. समुद्रावर नाना देशांचे खलाशी एकमेकांशी बोलतात, आणि एका शब्दाच्या गैरसमजाने जहाज खडकावर जाऊ शकते. म्हणून १९८० च्या दशकात बोटीवरच्या बोलण्यासाठी बेतलेले इंग्रजी तयार झाले, आणि २००१ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ठराविक वाक्यांचा संग्रहच मान्य केला. बोलण्याआधी ‘प्रश्न’, ‘सूचना’, ‘धोका’ असा एक शब्द उच्चारायचा, म्हणजे पुढे काय येते ते ऐकणाऱ्याला कळते. दीडशे म्हणायचे झाले तर एक-पाच-शून्य असे सुटे आकडे सांगायचे. ‘मे’, ‘कॅन’ असे दोन अर्थांचे शब्द टाळायचे. शाळेत नापास झालेले लोकही हे इंग्रजी शिकले, कारण ते मोजके होते आणि दुसऱ्या दिवशी कामाला येत होते.

व्यापाराचे इंग्रजी असेच मोजके आहे. फरक एवढाच की इथे छोट्या छोट्या शब्दांत पैसा असतो, आणि तेच शब्द शाळेत सर्वात कमी लक्ष देऊन शिकवले जातात. एल. सी. च्या नियमांतच पाहा. माल चढवण्याची तारीख ‘बिफोर’ पंधरा मार्च असेल तर पंधरा तारीख धरत नाहीत, चौदालाच माल चढला पाहिजे. ‘टिल’ किंवा ‘अंटिल’ असेल तर पंधराही धरतात. ‘ऑन ऑर अबाउट’ म्हटले असेल तर पाच दिवस अलीकडे आणि पाच दिवस पलीकडे चालते. रकमेच्या किंवा नगांच्या मागे ‘अबाउट’ असेल तर शेकडा दहा कमी-जास्त चालतात. तो शब्द नसेल आणि ऑर्डर नगांत असेल, तर एका नगाचीही मुभा धरू नये. ‘फ्रॉम’ या एका शब्दाची तर गंमतच आहे. माल चढवण्याच्या मुदतीत तो असेल तर ती तारीख धरतात, आणि हुंडीचे पैसे कधी मिळणार ते मोजताना धरत नाहीत! आणि ‘प्रॉम्प्ट’, ‘इमिजिएटली’ या ज्या शब्दांनी आपला माणूस घाबरतो, त्यांची बँक सहसा दखलच घेत नाही. आता सांगा, व्याकरणाच्या पुस्तकात शब्दयोगी अव्ययांचा तक्ता पाठ केलेल्या किती पदवीधरांना हे माहीत आहे?

हे शिकायला अवघड नाही, कारण यातील माल आपल्या घरचाच आहे. ‘साइट ड्राफ्ट’ या शब्दाने नवा माणूस दचकतो, पण ती आपली दर्शनी हुंडी. ‘यूझन्स’ म्हणजे मुदती हुंडी. बाप-आजोबांनी ज्या हुंड्या वटवल्या त्यांचे इंग्रजी नाव तेवढे शिकायचे राहिले आहे. उलट दिशेने पाहिले तर ‘टॅरिफ’ हा शब्द अरबी तारीफवरून, गोणीचे वजन वजा करताना येणारा ‘टेअर’ अरबीवरून आणि ‘कॉटन’ही अरबीवरूनच तिकडे गेला. आमचा विणकर तर रीड, पिक, काउंट, बीम, डॉबी, जॅकार्ड हे शब्द दिवसभर बोलतो. चामड्याच्या कारखान्यात झिप, बकल, लाइनिंग चालू असते. शंभर-दीडशे इंग्रजी शब्द कारागिराच्या तोंडात आधीच आहेत, ते फक्त कागदावर ओळखता येत नाहीत. वर्गाची सुरुवात तिथूनच व्हावी. पहिल्या दिवशी एबीसीडी नको, सफरचंद नको. पहिल्या दिवशी त्याच्याच धंद्यातले पंचवीस शब्द इंग्रजी अक्षरांत त्याच्यापुढे ठेवा आणि शिकवताना खुशाल उर्दूत, मराठीत बोला.

आता फोनमध्येच तर्जुमा होतो, मग शिकायचे कशाला, असे तरुण मुले म्हणतात. फोन आम्हीही वापरतो आणि तो वाईट नाही. चार ओळींचे पत्र असेल तर मतलब कळतो. पण ‘ड्राफ्ट’चा ‘मसुदा’ झाला तर हुंडी कोठे गेली ते समजायला वाचणाऱ्याला मुळात धंद्याची भाषा यावी लागते. शिवाय चूक फोनची असली तरी कागदावर सही आपली असते.

इंग्रजी माध्यमाबद्दलही एक कटू गोष्ट बोलली पाहिजे. ज्यांची ऐपत आहे आणि घरी अभ्यास पाहणारे कोणी आहे, त्यांनी मुलांना चांगल्या इंग्रजी शाळेत अवश्य घालावे. पण गल्लीबोळांत दोन खोल्यांत उघडलेल्या ज्या ‘इंग्लिश स्कूल’ना कारागीर आपल्या मजुरीतून फी भरतात, तेथील अनेक शिक्षिकांना स्वतःला इंग्रजीत चार वाक्ये जुळवता येत नाहीत. त्या मुलांचे उर्दूही जाते, मराठीही जाते आणि इंग्रजी येत नाही. हिशेबाची मांडणी कळायला एक तरी भाषा पक्की लागते. ती घरची असली तर दुसरी तिच्यावर उभी राहते.

आम्हाला जे सुचते ते असे. प्रत्येक पेठेत संध्याकाळी कारखाने सुटल्यावर तासाभराचा वर्ग, आठवड्यातून तीन दिवस. जागेसाठी भाडे मोजण्याची गरज नाही; जमातखान्याचा हॉल किंवा कारखान्याचा माळा पुरेल. शिकवायला एम. ए. झालेलाच हवा असेही नाही. परदेशी व्यवहार पाहिलेला बँकेचा निवृत्त कारकून, क्लिअरिंग एजंटाकडे कागद फिरवलेला माणूस, बोटीवरून घरी आलेला कोकणातील एखादा अधिकारी, असे लोक आपल्यात आहेत आणि संध्याकाळी ते मोकळेही असतात. त्यांच्या जोडीला एक शाळामास्तर द्यावा, म्हणजे शिस्त राहील. जरी-आरीचे काम घरी घेणाऱ्या स्त्रियांसाठी दुपारची वेगळी वेळ ठेवावी. नगावर मजुरी घेणाऱ्या बाईला ऑर्डरचा कागद स्वतः वाचता आला तर मधला माणूस तिला भाव सांगताना दोनदा विचार करील.

पहिल्या महिन्यात लेबल, बिल, ऑर्डर. दुसऱ्यात तारखा, नग, वजन, आणि वर सांगितलेले ते छोटे शब्द. तिसऱ्यात ई-मेल: भाव कळवणे, उशीर झाल्याचे सांगणे, तक्रारीला उत्तर देणे. एल. सी. त्यानंतर. कोणी एका महिन्याने वर्ग सोडला तरी त्याला बिल वाचता आले पाहिजे. ज्या महिन्यात हे साधत नाही त्या महिन्याचा अभ्यास बदलावा, विद्यार्थ्याला दोष देऊ नये. फी घ्यावी, थोडी का होईना. फुकटच्या वर्गाला आपले लोक दोन आठवड्यांहून अधिक येत नाहीत, हा आमचा अनुभव आहे.

पुस्तक छापण्याची घाई नको. खरे कागद जमवावेत आणि त्यांवरच शिकवावे. धारावीच्या त्या भाईंकडे आम्ही भीत भीत ही गोष्ट काढली. ते थोडा वेळ गप्प बसले, मग कपाटातून फाइल काढून ती एल. सी., ते बिल आणि बँकेचे नकारपत्र अशा तिन्ही कागदांच्या झेरॉक्स त्यांनी आमच्या हाती ठेवल्या. नाव आणि रक्कम तेवढी काळ्या शाईने खोडा, म्हणाले. भाचाही वर्गाला येणार आहे.